बिनपाण्याचा पट्टा

बुद्धभूषणला घाम फुटला तो काही उन्हाने नव्हे. सकाळचे नऊच वाजले होते आणि गव्हाचा प्रयोग बघायला शिवार फेरीला आलेले शेतकरी अजून बांधावर चहा पीत होते.

नुकतंच सुलाबाईने त्याला कौतुकाने सांगितलं होतं, "दादा, तिसरा पट्टा कसा तरारलाय बघा! पोटरीत आला, कणीस पोटात धरलं, तव्हा लय सुकला होता. पोटुशी बाईला कोणी तहानलेलं ठेवतं का? वीस दिवस हंड्यानं पाणी घातलं मी."

झालं! चार महिन्यांचं काम मातीत गेलं.

सोयाबीन काढल्यावर जमीन न नांगरता तिथल्या भुसकटातच गहू पेरायचा, एका पट्ट्याला पाच पाणी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एकही नाही, आणि कुठला किती तग धरतो ते बघायचं, असा हा निफाडचा प्रयोग. नोंदी ठेवायला बुद्धभूषण, राखायला सुलाबाई. पण पाणी का द्यायचं नाही, हे बाईला समजावून सांगावं असं या पदवीधराला सुचलंच नाही. "तिसऱ्याला मोटर लावायची नाही," एवढंच तो बोलला, आणि बाईने मोटरला हातसुद्धा लावला नाही. हा आठवड्यातून एकदा नाशिकहून यायचा, भुसकटाखाली बोट घालायचा आणि 'नांगरट टाळल्याने ओल टिकली' असं खुशाल वहीत लिहायचा.

"एकाही पाण्याशिवाय!" प्रयोगाचे साहेब शेतकऱ्यांना सांगत होते. याच पट्ट्याच्या जोरावर बुद्धभूषणचा करार वर्षभर वाढणार होता. खरं बोलावं तर नोकरी जाणार, बाईचंही काम जाणार. गप्प बसावं तर समोरची चाळीस माणसं फसणार. पळून जावं म्हटलं तर साहेबांचा हात खांद्यावर होता.

कळवणकडचा झुंबर नावाचा शेतकरी उठला. "आमची विहीर पौषातच आटती. पुढल्या साली चारही एकर असाच पेरतो मी. पण साहेब, तुम्ही नका सांगू. या नोंदी ठेवणाऱ्यानं सांगावं. खरंच एकबी पाणी नाय?"

त्या माणसाचे चार एकर बुद्धभूषणला करपलेले दिसायला लागले.

"पाणी दिलंय," तो कसाबसा म्हणाला. "मी दिलं. चूक माझी आहे."

"आता गं बाई!" मागून सुलाबाई कडाडली. "तुम्ही कधी घातलं, दादा? मी घातलं! ही कंबर बघा माझी!"

सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. झुंबर खाली बसला.

"उद्यापासून तुम्ही दोघंही येऊ नका," साहेब हळूच म्हणाले.

बुद्धभूषणने मान खाली घातली. सुलाबाईला मात्र वाटलं, आपल्याला सुट्टी मिळाली. ती काळजीने म्हणाली, "पण साहेब, दाणा भरलाय. पाखरं हाकायची कोणी?"