राखून ठेवलेला हात

दानेश्वरीला गोल्फच्या काठ्या घ्यायचं ठरलं, त्याच महिन्यात माझी भिशी लागली. पंधरा हजार. स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा म्हणून मी तेवढ्यासाठीच भिशीत पडले होते. पण ओट्याला तडा जाऊन वीस वर्षं झाली होती आणि त्यापायी कुणाची भाकरी अडली नव्हती.

दानी ही माझ्या शिवकुमारची थोरली, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. तिच्या कॉलेजच्या फाटकावर बिभीषण म्हणून सुरक्षारक्षक आहेत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली बारा वर्षं त्यांनी फौजेच्या गोल्फ मैदानावर काढली, गवत राखण्यापासून साहेबांच्या पोरांना शिकवण्यापर्यंत. मंद्रूप रस्त्याला त्यांचं पाच एकर रान आहे. ज्वारी निघाली की त्यातला एक पट्टा ते मोकळा ठेवतात आणि दर रविवारी कॉलेजातल्या सहा पोरांना तिथं खेळ शिकवतात. फी घेत नाहीत. पोरं त्यांना सर म्हणतात. चेंडू काळ्या मातीच्या भेगांत जातात, ते ज्यानं मारले त्यानं काडीनं उकरून काढायचे, एवढाच नियम.

पुण्याच्या एका अकादमीची निवड चाचणी दीड महिन्यावर आली होती. निवड झाली तर राहणं, जेवण आणि शिकवणी त्यांच्याकडे. मात्र स्वतःचा संच हवा. सरांची पिशवी एकच, ती सहा जणांत फिरणारी.

शिवकुमारचं शेतीच्या पाइपांचं आणि पंपांचं दुकान आहे. तो म्हणाला, "एकदाच. चाचणी दे, झाली तर झाली. नाही झाली तर पुढं या काठ्यांचं नाव काढायचं नाही, संध्याकाळी गल्ल्यावर बसायचं."

"चालेल, अप्पा," दानी म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला कळलं की पोरीच्या दृष्टीनं यापेक्षा मोठं जगात काही नाही. मी भिशीचं पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं.

काय घ्यायचं असतं ते कळावं म्हणून एका रविवारी मीही रानात गेले. सरांनी मला बाभळीखाली खुर्ची दिली.

"मावशी, नवा संच बगायचाच न्हाय," ते म्हणाले. "पन्नास हजाराच्या खाली धड काय मिळत न्हाय. आन चौदा काठ्या बी लागत न्हाईत, शिकणाऱ्याला सात लई झाल्या. जुना घ्यायचा. पोरीच्या उंचीला बसला पायजे, मुठीचं रबर गुळगुळीत झालेलं नको, आन डोक्याला तडा नको. बास."

"म्हशीसारखंच की," मी म्हणाले.

"व्हय, फकस्त दात मोजाय लागत न्हाईत."

तेवढ्यात दानीनं चेंडू मारला. चांगला उंच गेला, पण अर्ध्या वाटेत उजवीकडे वळला आणि शेजारच्या तुरीत पडला. पुढचाही तसाच. तिसराही. सर उठले आणि ओरडले, "अगं, डावा हात वढत न्हाईस तू! पुढचा हात तो. त्यो कुणासाठी राखून ठिवलायस?"

पोरं हसली. दानीही हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण 'राखून ठेव' हा शब्द माझा होता.

दानी तीन वर्षांची असताना तिची आई धाकट्याच्या बाळंतपणाला अक्कलकोटला गेली होती आणि पोर चार महिने माझ्याजवळ होती. जेवायला बसली की तिचा डावा हात ताटात जायचा. माझी सासू अशा मुलाला कन्नडमध्ये 'एडचा' म्हणायची, म्हणजे डावखुरा, आणि म्हणताना तोंड वाकडं करायची. माझा भाऊ सोमशेखर एडचा होता. शाळेत त्याच्या डाव्या बोटांवर पट्टी बसायची, ती मी मोजलेली आहे. माझ्या नातीला कुणी मारू नये, एवढंच माझ्या मनात होतं. मी तिला मारलं नाही, रागावलेही नाही. माझ्या जुन्या इरकलीचा मऊ काठ फाडला आणि जेवायच्या वेळी तिचा डावा हात त्यात गुंडाळून ठेवू लागले. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मी तिला सांगायचे, "हा हात लिंगाचा. हा राखून ठेवायचा हं, बाळा." पोर शहाणी. दोन महिन्यांत स्वतःच हात पुढे करून म्हणायला लागली, "अज्जी, लिंगाचा हात बांध."

तिची आई परत आली तोवर दानी उजव्या हातानं जेवत होती. मी कुणाला काही बोलले नाही. सांगण्यासारखं काही केलं आहे असं मला वाटलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी सरांनी होटगी रोडवरचा पत्ता काढला. डॉक्टर गुरुशांत, रेल्वेतले निवृत्त डॉक्टर. बदलीच्या गावी रेल्वेचं गोल्फ मैदान होतं तिथं नवरा-बायको दोघंही खेळायचे. बायको महेश्वरी दोन वर्षांपूर्वी वारली. आता ते मुलाकडे बंगळुरूला चालले होते आणि घरातलं सामान काढत होते.

गाडीच्या खोलीत दोन पिशव्या होत्या. एक तपकिरी, चामड्याची, ऐटबाज. डॉक्टरांची. दुसरी कोपऱ्यात, चादरीखाली.

दानीनं चामड्याच्या पिशवीतून काठ्या एकेक करून काढल्या. चकाकत होत्या. एक हातात घेऊन ती अंगणात गेली, दोनदा हवेत फिरवली आणि तिचा चेहरा असा उजळला की मला ओटा, फरशी काही आठवेना.

"अठरा म्हणणार होतो," डॉक्टर म्हणाले. "पोरगी खेळणारी आहे, पंधराला न्या."

सरांनी काठी तिच्या शेजारी उभी धरली. "लांब हाय. जड बी हाय. पर कापून घिऊ जरा."

"मला जमते, सर! जड अजिबात वाटत नाही."

"आणि ती कोपऱ्यातली?" मी विचारलं.

"ती महेश्वरीची. तिला कुणी विचारत नाही. आठ दिले तरी बास."

सरांनी चादर उचलली, एक काठी ओढली, पात्याकडे बघितलं आणि परत ठेवली. "उंचीला झ्याक बसली असती. हलकी बी हाय. पर डावऱ्याची हाय, मावशी. आपल्या काय कामाची न्हाय."

दानीनं पाकीट काढलं होतं. मी गप्प बसले असते तर दहा मिनिटांत आम्ही चामड्याची पिशवी रिक्षात घालून घरी गेलो असतो, सगळे खुशीत. मी जवळजवळ बसलेच गप्प.

"दाने, ती डावी एकदा धरून बघ."

"अज्जी, मी उजवी आहे. सर, सांगा की हिला."

"धर की एकदा."

"उलटी पेन्सिल धर म्हटल्यासारखं आहे हे. काहीतरीच!"

तिला जे मीच शिकवलं होतं त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी अंगणात बघितलं. लिंबाच्या फांद्या छाटून पडल्या होत्या. हातभर लांबीची एक सरळ फांदी उचलली, वीतभर एक तुकडा मोडून घेतला, त्याची टोकं डॉक्टरांच्या झाडं छाटायच्या कात्रीनं निमुळती केली. मातीत टाचेनं खड्डा पाडला आणि तुकडा त्यावर आडवा ठेवला. इतक्या वर्षांत हात विसरला नव्हता.

"हे काय?" दानीनं विचारलं.

"विटीदांडू. कधी खेळलीस?"

"कुठं खेळणार? मोबाईलवर?"

"मग आत्ता खेळ. विटीच्या टोकावर हळूच दांडू मार, ती उडेल. हवेत असतानाच टोला हाण. विचार करू नको."

मी दांडू तिला दिला नाही. जमिनीवर, विटीच्या बरोबर मागं टाकला. सोमशेखर खेळायला उभा राहिला की आमच्या गल्लीतली सगळी पोरं पळत जाऊन उलट्या बाजूला उभी राहायची. शाळेत त्याचा डावा हात सुजायचा, पण विटीला गुरुजी नव्हते.

दानी हसत वाकली. दांडू उचलला. विटी उडवली आणि टोला दिला. विटी कुंपणावरून जाऊन शेजारच्यांच्या शेवग्यात अडकली.

"अय्यो!" ती ओरडली. "बघितलं का, सर?"

 सरांनी दुसरा तुकडा मोडला आणि खड्ड्यावर ठेवला. "परत हाण."

तिनं परत हाणली. परत सरळ, परत लांब.

"आता हालू नगंस," सर म्हणाले. "हाताकडं बग."

दांडू डाव्या हातात होता.

"हे तुला कुणी शिकवलेलं नव्हतं," मी म्हणाले, "म्हणून हातानं त्याचं त्यानंच ठरवलं." आणि मग तिथंच, त्या परक्या अंगणात, मी सगळं सांगितलं. इरकलीचा काठ, लिंगाचा हात, तिची आई गावाला गेलेली. सरांनी मान खाली घातली. रविवारचं वाक्य त्यांना आठवलं असावं.

दानीनं डावा हात उलटासुलटा करून बघितला. "माझं अक्षर," ती म्हणाली. "कोंबडीच्या पायांसारखं आहे म्हणून दहावीपर्यंत कोण ओरडायचं मला? तूच ना?"

"मीच."

"तुला माहीत होतं."

"मी विसरले होते गं. खरंच. माझ्या लेखी ते काम झालं होतं."

ती वळून अंगणाच्या टोकाला गेली. तिथं उभी राहिली. मी तिच्या मागं गेले नाही. जायचा हक्क वाटेना.

डॉक्टर पायरीवर बसले होते. हळूच म्हणाले, "अक्का, महेश्वरी लिंगपूजा त्याच हातावर करायची आणि खेळात टोलाही त्याच हातानं मारायची. चाळीस वर्षं. लिंगानं कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही."

दानी परत आली. कोपऱ्यातल्या पिशवीतून एक काठी काढली आणि उभी राहिली. पहिल्यांदा फिरवली ती वाकडी. दुसऱ्यांदा तोल गेला. तिसऱ्यांदा काठी खांद्याच्या वर गेली आणि खाली येताना हवेत आवाज झाला, जोंधळ्याच्या रानात गोफण सुटल्यावर होतो तसा. चामड्याच्या पिशवीतल्या काठीनं तो आवाज एकदाही केला नव्हता.

"सर, दीड महिन्यात जमेल?"

सरांनी तिला खोटं सांगितलं नाही. "न्हाय. डावीकडनं पाय, कंबर, नजर, समदं पयल्यापास्नं. उजवीकडनं गेलीस तर निदान उभी तरी ऱ्हाशील तितं. डावीकडनं गेलीस तर लोक हसतील. पुढली चाचणी दिवाळीनंतर हाय."

"अप्पा म्हणालेत, एकदाच."

"हां. तवा तू बग."

तिनं चामड्याच्या पिशवीवरून एकदा हात फिरवला. मग डॉक्टरांसमोर आठ हजार ठेवले. "मला बाईंचा संच द्या. सर, दिवाळीनंतरच्या चाचणीला नाव घाला. आत्ताच्याला नको."

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, पण मध्ये पिशवी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दुकानात गेले. शिवकुमार गिऱ्हाइकाला फुटवाल्व्ह दाखवत होता. तो मोकळा होईपर्यंत स्टुलावर बसले आणि मग सांगितलं.

"अव्वा, मी एकदाच म्हणालो होतो."

"एकदाच. पण ती चाचणी तिनं अजून दिलीच नाही. आत्ता दिली असती तर मी बांधलेल्या हातानं दिली असती. ती माझी चाचणी झाली असती, आणि त्यात मी नापास आहे."

त्यानं फुटवाल्व्ह परत खोक्यात ठेवला. "माझं काय बांधलं होतंस तेही आज सांगून टाक."

"तुझी जीभ बांधायची होती, राहूनच गेली."

तो हसला. दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी दोन तास गल्ल्यावर, मग चाचणी, या बोलीवर त्यानं कबूल केलं.

दानी माझ्याशी बोलत होती, पण मोजकं. भाजी वाढ, पाणी दे, एवढंच. मी मागं लागले नाही. ती रोज पहाटे सरांच्या रानात जायची आणि मातीनं भरलेले पाय घेऊन परत यायची. सर म्हणायचे, चेंडू जमिनीवरनंच सरपटतोय, पण सरळ सरपटतोय.

नवव्या दिवशी सकाळी मी पूजा करत होते. लिंग डाव्या तळहातावर होतं. दानी दारात येऊन उभी राहिली, माझी पूजा होईपर्यंत थांबली. मग माझ्यासमोर बसली आणि डावा हात पुढे केला. तळव्यावर दोन टपोरे फोड आले होते, एक फुटलेला. दुसऱ्या हाताला हातमोजा असतो, या हाताला नसतो, असं ती म्हणाली.

मी फोडाला तूप लावलं. कपाटातून जुन्या इरकलीचा काठ काढला. त्याच लुगड्याचा होता; उरलेला तुकडा मी उगाच जपून ठेवला होता. फाडताना माझा हात थांबला.

"बांध की," ती म्हणाली. "खेळायला जायचंय मला."

"बोटं मोकळी राहतील अशी बांधते."

"हां. आणि अज्जी, घट्ट बांध. परवा मीच रुमाल बांधला, तो सैल सुटून काठीच उडाली, सरांची चहाची किटली फुटली."

मी दोन वेढे दिले, गाठ मनगटाच्या मागं मारली, आणि तिची पाचही बोटं एकेक करून हलवून बघितली.