रडक्या सुरांचा सराव

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. अंग काळ्या कठीण लाकडाचं, वर बोटांनी दाबायच्या चकाकत्या चाव्या. माझा जन्म मेरठचा; पण मला वाजवलं ते कडेगावच्या नाथाजींनी. ते लष्कराच्या बँडमध्ये हवालदार होते. त्यांच्याबरोबर मी बर्फात वाजले, वाळवंटात वाजले. संचलन संपलं की लोक टाळ्या वाजवत आणि नाथाजी मला मायेनं पुसत.

निवृत्त होऊन ते गावी ऊस लावू लागले. पुढे त्यांचे समोरचे दात पडले. दातांचा आधार नसेल तर मला फुंकता येत नाही. मी पेटीत गेले. माझी भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या वाळून कडक झाल्या.

एक दिवस त्यांच्या सुनेनं, पूजानं, पेटी उघडली. शाळेत असताना ती तिथल्या बँडमध्ये बासरी वाजवायची.

"आबा, पोलीस बँडात आता बायका बी घेत्यात. मला शिकवा की."

नाथाजींनी मला मिरजेला नेऊन नव्या गाद्या बसवल्या. शिकवणी सुरू झाली ती स्केलनं, म्हणजे ओळीनं सूर चढवण्या-उतरवण्यानं. आनंदी सुरांच्या मेजर स्केल पूजाला लवकर आल्या. मग आल्या मायनर स्केल. त्यांचे सूर उदास. पहिल्याच सकाळी सासूबाई, रंगुबाई, अंगणातून ओरडल्या,

"आवं, काय रडगाणं लावलंय? शेजारचं कृष्णात भावजी विचारत आल्यात, घरात कोन गेलं म्हणून!"

"रडगाणं न्हाई, मायनर स्केल हाय. पोलीस बँडाच्या परीक्षेत तीच इचारत्यात," नाथाजी म्हणाले.

पूजा इतकी हसली की तिला फुंकताच येईना.

पण एक अडचण होती. सहाव्या सुरावरून सातव्यावर जाताना मोठी उडी घ्यावी लागे. तिथं पूजा ओठ आवळायची आणि मी किंचाळायचे.

"पोरी, पाट वलांडताना खाली बघतीस व्हय? पुढं बघ. व्हट सैल सोड," नाथाजी सांगत. पूजा पुन्हा सुरू करी. गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारून उभी राही.

वर्षभरानं सांगलीला पोलीस बँडची परीक्षा झाली. इतरांच्या क्लॅरिनेट नव्याकोऱ्या होत्या. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मायनर स्केल वाजवायला सांगितली. नेमक्या त्या उडीला पूजाचे ओठ आवळले आणि मी किंचाळले. मला वाटलं, संपलं.

पूजानं मान वर केली. "सर, परत वाजवते."

"वाजवा."

तिनं दीर्घ श्वास घेतला. यावेळी सूर वर चढले आणि अलगद खाली उतरले. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

पूजाची निवड झाली. रंगुबाईंनी गल्लीभर जिलेबी वाटली. बँडकडून पूजाला नवीन क्लॅरिनेट मिळाली. मी मनात म्हटलं, आता आपली पुन्हा पेटी. पण पूजा कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात रंगुबाई नाथाजींसमोर येऊन बसल्या.

"घर लय गप झालंय. ते रडकं गाणं मला बी शिकवा."

नाथाजींनी पेटी उघडली. मग त्यांनी मला बायकोच्या हातात दिलं. रंगुबाईंनी सारा जोर लावून फुंकलं. असा भोंगा वाजला की परसातल्या कोंबड्या उडाल्या आणि दोघंही पोट धरून हसली.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य बंद पडून असेल, तर ते बाहेर काढा. वाजवून झालं की आतला ओलावा पुसा, उन्हात टाकू नका. आणि पहिला सूर वाकडा आला तरी थांबू नका. आमचा सध्या दुसरा सूर चालू आहे.