पडद्यावरचा सासरा

आमचा दादा सिनेमा बघताना रडतो. साधंसुधं नाही, चष्मा काढून, पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून बघावं असं. त्यातून परदेशी जावई किंवा परदेशी सून असलेला सिनेमा असला की विचारूच नका. शेवटी मुलीचा बाप विरघळतो, तिचा हात त्या परक्या पोराच्या हातात देतो आणि इकडे आमचा दादा हुंदके देतो. मी त्याची धाकटी बहीण. माझा नवरा गेल्यापासून इकडे परदेशात दादा-वहिनींकडेच राहते, त्यामुळे शेजारच्या खुर्चीत बसून हे सगळं सोसायचा मान माझा.

नुसता बघत नाही, दाखवतोही तोच. एरवी लोकांची कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करायची आणि महिन्यातून एका रविवारी सकाळी इथलं जुनं थिएटर भाड्याने घेऊन आपल्याकडचा सिनेमा लावायचा. वहिनी दारात तिकिटं फाडते, मी कागदी कपांत चहा ओतते. मंडळी लांबलांबून येतात. मला आधी वाटायचं, गाणी आणि कपडे बघायला येतात. छे! नायक-नायिकेचं जमणार हे पोस्टरवरच कळतं, त्यासाठी कोण पहाटे उठून गाडी काढतो? ही सगळी मंडळी येतात ती पडद्यावरचा बाप ‘हो’ कधी म्हणतो ते बघायला. प्रत्येकाच्या घरी एखादा मुलगा नाहीतर मुलगी मोठी होतेय, कॉलेजात नाहीतर ऑफिसात कुणाशी तरी हसून बोलतेय. दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर आभाळ कोसळलं आणि तरी घर उभं राहिलं, एवढं बघून आईबाप जरा निवांत होतात. घरी जाईपर्यंत तरी.

इथल्या थिएटरांत मध्यंतर नसतं. सिनेमा सुरू झाला की सरळ शेवटाला. आपल्या माणसांना ते कसं चालायचं? मग दादाने सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या पोराला पटवलं. पोरगा इथलाच, आपल्या भाषेचा गंध नाही, उंची अशी की दारातून वाकून यावं लागतं. आमच्यात त्याचं नाव लंबू पडलं. कुठे थांबवायचं हे पहिल्या दोन-चार वेळा दादाने त्याच्याजवळ उभं राहून दाखवलं, पुढे तो स्वतःच बरोबर जागी थांबवायला लागला. खाली नायिकेच्या बापाने पत्र फाडलं, सगळ्यांनी श्वास रोखला, की वर हा दिवे लावणार. दादाचा त्याच्यावर जीव. ‘आपल्या पोरांना कळत नाही तेवढं या लंबूला कळतं,’ असं शंभर जणांना सांगून झालं होतं.

आणि मग आमच्या छकीने, म्हणजे दादाच्या एकुलत्या एका लेकीने, जेवताना सांगितलं, “बाबा, मला लंबूशी लग्न करायचंय.”

दादाचा घास हातातच राहिला. “सिनेमा वेगळा आणि घर वेगळं,” एवढंच म्हणाला आणि ताटावरून उठला.

हाच माणूस मध्यंतरात लोकांना ऐकवायचा, जमाना बदललाय, मुलांच्या मनाविरुद्ध जाऊ नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी हे तोंडावर म्हटलं तर तो माझ्याशीही बोलेना. छकी दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांना ‘दुखणार नाही’ असं सांगते, आणि संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन रडायची.

“लग्न तर मी करीन गं आत्या. मला कोण अडवणार? पण बाबा नसतील तर ते कसलं लग्न? मला ते समोर उभे हवेत.”

मला ते बघवेना. म्हटलं, दादाला सिनेमाच कळतो ना, मग सिनेमाच दाखवू. पुढच्या रविवारी जो सिनेमा होता त्यात परदेशी नायक एका गाण्यात आपली भाषा शिकतो, आपले कपडे घालतो आणि सासऱ्याच्या पाया पडतो. मी लंबूला गाठलं. पाया कसं पडायचं ते दाखवलं. दोन वाक्यं पाठ करून घेतली. पोरगा बिचारा भांडी घासतानाही ती पुटपुटायचा, छकी सांगत होती.

रविवारी मध्यंतरात लंबू वरून खाली आला. अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कुर्ता, बाह्या कोपराच्या जरा खाली संपलेल्या. चहाच्या टेबलाशी दादा उभा होता. लंबू वाकायला लागला. एवढा उंच माणूस, वाकायलाही वेळ लागतो. वाकता वाकता टेबलाला धक्का लागला, निम्मे कप आडवे, चहा वहिनीच्या साडीवर. तशातही तो पाठ केलेलं म्हणाला, “बाबा, मला आपला मुलगा समजा. मी तुमच्या मुलीला सुखात ठेवीन.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. दादाचा चेहरा लालबुंद झाला.

“ऊठ,” तो म्हणाला. “हे मी शंभरदा बघितलंय. पडद्यावर ज्याने केलं त्याला त्याचे पैसे मिळाले होते.”

आणि आत निघून गेला. लंबूला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मी तोंडघशी पडले ते पडले, वर त्या पोरालाही पाडलं. छकी माझ्याकडे न बघता कप गोळा करत होती.

सिनेमा पुढे सुरू झाला. पडद्यावरचा बाप विरघळला, मुलीचा हात दिला, अख्खं थिएटर नाक ओढायला लागलं. मी हळूच शेजारी बघितलं. दादाचे डोळे कोरडे ठाक. मला भीतीच वाटली. वाटलं, संपलं सगळं, आता हा माणूस हलायचा नाही.

लोक गेले. आम्ही घरचेच उरलो. दादा बाहेरचं पोस्टर गुंडाळत होता, तेवढ्यात लंबू जिना उतरून आला. कुर्ता काढून त्याने आपला रोजचा स्वेटर घातला होता. दर वेळी सिनेमा संपला की दादा त्याला एक प्रश्न विचारतो. सवय वाईट. विचारून गेला, “कसा वाटला?”

दादाला इथली भाषा कामापुरती येते, पण सिनेमावर भांडायला तेवढी पुरते.

“आवडला नाही,” लंबू म्हणाला. “शेवट खोटा आहे.”

“खोटा? काय खोटं आहे त्यात?”

“तो बाप. ती लहान असताना तापली की रात्रभर उशाशी बसला, रोज शाळेत सोडलं, घरी आणलं. आणि कुणीतरी परका येतो, एक गाणं म्हणतो, पायाशी वाकतो, की दिली मुलगी? इतकी स्वस्त? मी बाप असतो तर निदान वर्षभर हो म्हटलं नसतं.”

छकीने कपाळाला हात लावला. हे तो कावेबाजपणे म्हणाला की मनापासून, मला अजून ठरवता आलेलं नाही. छकी शपथेवर सांगते, तेवढी अक्कल त्याला नाही.

पण आपल्या सिनेमाला कुणी नावं ठेवलेली दादाला कधी खपत नाहीत. पोस्टर टाकून तो तावातावाने पुढे आला आणि भरात आपल्याच भाषेत सुरू झाला. “तुला काही कळत नाही! गाण्यासाठी नाही म्हणत तो हो! मुलीच्या तोंडाकडे बघून म्हणतो. ती महिनाभर धड जेवलेली नाही, घरात तिचं हसणं ऐकू येत नाही, हे बाप बघत नसतो का? सगळं बघत असतो. त्याला काय सुख वाटतं त्यात? तो हटून बसलेला असतो तो घाबरून. मुलगी आपल्याला परकी होईल म्हणून. आणि मग त्याला कळतं, की ती परकी होतेय ती आपल्यामुळे…”

तो थांबला. वहिनी साडीवरचा डाग चोळत होती, तिचा हातही थांबला.

“बोल ना दादा,” मी म्हटलं. “पुढे काय कळतं त्याला?”

दादाने छकीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तिचे गाल खरंच बसले होते.

“बाबा,” ती म्हणाली.

लंबूला यातलं किती समजलं कुणास ठाऊक. त्याचं आपलं मघाचंच चालू होतं. “तरीपण,” तो म्हणाला, “इतक्या लवकर? निदान सहा महिने तरी…”

“गप्प बस रे!” दादा ओरडला. “मुलीचा बाप तू आहेस की मी? हो कधी म्हणायचं ते मी ठरवणार. आणि मी म्हटलंय.”