दार लागलं पाहिजे

"ये... ये अजून... ये... थांब! अरे थांब!"

मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. पिकअप ट्रकचं नाक गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकलं आणि खुंटीवरचं बर्फाचं फावडं धाडकन खाली आलं.

ओरेस्ट दिदुख शांतपणे खाली उतरला. फावडं उचलून परत खुंटीला लावलं, मग मागे येऊन पाहिलं. शेपूट अजून बाहेरच होतं. तरीही त्याने वरचं दार खाली ओढलं, आणि ट्रेलर जोडायला मागे जो लोखंडी गोळा असतो, त्यावर ते आपटलं.

"बसतोय," तो म्हणाला.

"काय बसतोय? दीड वीत बाहेर आहे."

"दीड वीत म्हणजे फार नाही."

"दार लागत नाहीये, ओरेस्ट."

"लागेल. दार लागलं पाहिजे."

मी शेजारी. पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि जवळजवळ तितकीच वर्षं या माणसाचं ऐकत आलोय. तो गावच्या धान्यकोठारावर कामाला होता. एखादी गोष्ट होत नाही असं त्याला सांगितलं की त्याचा चेहरा खुलतो. वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी घातला, कारण त्याशिवाय आमचा दिवस जात नाही.

"ट्रक विकून टाक. एखादी छोटी गाडी घे. हे गॅरेज तू छोट्या गाडीसाठीच बांधलंस, तुझी लारिसा झाली त्या वर्षी."

"छोट्या गाडीत नादिया बसेल कशी? डॉक्टर काय म्हणाले? खाली वाकून बसायचं नाही. ट्रकची सीट उंच आहे, तिला बरोबर पडते."

हे मात्र खरं होतं. नादिया, म्हणजे त्याची बायको, मार्चमध्ये घरासमोरच्या उतारावर पडली. कॅनडातल्या सस्कॅचवानमधला मार्च. दिवसा बर्फ वितळतं आणि संध्याकाळी त्याचाच आरसा होतो. मीठ टाका, वाळू टाका, पाय ठेवला की गेलाच. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. उन्हाळ्यापर्यंत ती अंगणात हिंडायला लागली. डॉक्टर तर म्हणाले, उजवा पाय ठणठणीत आहे, वाटलं तर गाडीसुद्धा चालवा. त्यावर सगळ्यात मोठ्याने हसला तो ओरेस्ट. आपल्या ट्रकच्या चाकाला त्याने कधी कोणाला हात लावू दिलेला नाही. मलाही नाही, आणि माझा तर धंदाच तो होता.

सप्टेंबरमध्ये लारिसा सॅस्कॅटूनहून आली. मुलगी चांगली आहे, पण बापावर गेली आहे. तिने शहरात म्हाताऱ्यांच्या इमारतीत जागा बघून ठेवली होती. लिफ्ट, खाली गरम गॅरेज, सगळं.

"बाबा, आई पुन्हा त्या बर्फावर पडली तर उठणार नाही. तुम्ही हट्ट करता आणि हाडं तिची मोडतात."

हे लागलं त्याला. मी तिथेच बसलो होतो, मला दिसलं. बराच वेळ तो चहाच्या कपाशी खेळत राहिला.

"नोव्हेंबर संपताना ये," तो म्हणाला. "एखाद्या गुरुवारी. तुझी आई बर्फाला पाय न लावता घरातून निघून चर्चच्या हॉलमध्ये गेली नाही, तर सामान मी स्वतः बांधतो."

गुरुवारचं कारण असं की गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोगी करायला बसतात. पीठ लाटायचं, बटाट्याचं सारण भरायचं आणि कडा चिमटायच्या. नादियाची जागा खिडकीखालच्या टेबलाशी. मार्चपासून ती जागा रिकामी होती. तिथे दुसरं कोणी बसत नव्हतं, पण किती दिवस बसणार नाही?

आणि माझं काय? माझी बायको आयरीन गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला एकच घर दिसतं. त्या घरातला दिवा कायमचा बंद झाला असता तर मला ते सोसलं नसतं. म्हणून मी ओरेस्टला शिव्या देत होतो आणि रोज सकाळी हातोडी घेऊन हजरही होत होतो.

आधी तो लोखंडी गोळा काढला. चार बोटं मिळाली. मग सामान ठेवायच्या फळ्या गेल्या, त्याचं कामाचं टेबल गेलं. त्या टेबलावर त्याने नातवंडांचे पाळणे बनवले होते. ते आम्ही माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवलं. मोठा फ्रीझर आम्ही दोघांनी तळघरात उतरवला, त्यानंतर आठवडाभर माझी कंबर धरली होती. एवढं करूनही ट्रक वीतभर बाहेर.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर हा मागच्या भिंतीसमोर पेन्सिल घेऊन उभा.

"भिंत कापायची," तो म्हणाला.

"वेडा झालास का?"

"सगळी नाही. नाकापुरती. बाहेरून पेटी लावायची. नाक पेटीत, चाकं आत, दार बंद."

बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या पायथ्याशी, नादियाचा लसूण होता. ऑक्टोबरमध्ये लावलेला, वर पेंढा अंथरलेला. ओरेस्ट स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि टोपी काढली. पंचवीस टन गव्हाशी डोळ्याला डोळा भिडवणारा माणूस, पण लसणाचं विचारताना त्याचा आवाज बारीक झाला.

"नादिया, तुझा लसूण तुडवला जाईल जरा."

"किती जरा?"

"सगळा."

वॉकरवर रेलून ती त्याच्याकडे बघत राहिली. "शहरात लसूण लावायला मिळणार आहे का?"

"नाही."

"मग विचारतोस काय? काप."

कापली. उभे खांब कापले, वर आडवी तुळई घातली, बाहेर पेटी लटकवली, आत कापसासारखं इन्सुलेशन भरलं, वर पत्रा. बोटं गारठून लाकडासारखी व्हायची. खिळा कोणता आणि अंगठा कोणता हे ठोकल्यावरच कळायचं. कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबमध्ये तर आमची टिंगलच. "ओरेस्ट, कुत्र्याचं घर झकास झालंय, कुत्रा कोणत्या जातीचा आणतोयस?" एकाने तर हाडकाच्या आकाराचं कुत्र्याचं बिस्किट पाठवून दिलं. ओरेस्टने ते पेटीवर खिळ्याने ठोकलं.

मग आतलं काम. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्या तोडून त्याने त्याच उंचीचा लांब फळ्यांचा ओटा केला, कठड्यासकट, डाव्या भिंतीच्या कडेने. म्हणजे नादिया घरातून निघाली की सपाट चालत येणार आणि ट्रकच्या सीटवर सरळ टेकणार. चढणं नाही, वाकणं नाही. ओट्याला जागा लागली म्हणून ट्रक उजव्या भिंतीला अगदी खेटून घ्यायचा. त्यासाठी जमिनीवर एक फळी ठोकली. उजवं चाक फळीला घासलं की समजायचं, बरोबर आलो. छताला दोरीने टेनिसचा चेंडू टांगला. समोरच्या काचेला तो टेकला की थांबायचं. चेंडू त्यांच्या जुन्या कुत्रीचा, दातांनी कुरतडलेला.

ज्या संध्याकाळी दार लागलं, त्या संध्याकाळी आम्ही दोघं आत उभे राहून नुसते त्या बंद दाराकडे बघत होतो. मग ओरेस्ट ट्रकमधून ओट्यावर आला, ओट्यावरून ट्रकमध्ये गेला, परत आला, परत गेला.

"बघ लॉइड, गुडघासुद्धा वाकत नाही. लोण्यासारखं."

मीही चढून-उतरून पाहिलं. लोण्यासारखंच होतं. आम्हा दोन शहाण्यांना तेव्हाही काही कळलं नाही.

गुरुवारी लारिसा आली. बाहेर उणे अठ्ठावीस, उतार काचेसारखा. तिने ओटा पाहिला, कठडा हलवून पाहिला, तो हलला नाही. पेटीत नाक खुपसून बसलेला ट्रक पाहिला आणि तिला हसू आवरेना. "बाबा, हे सगळं तुम्ही..." एवढंच म्हणाली आणि नाक पुसलं.

नादिया तयार होऊन आली. निळा कोट, डोक्याला फुलांचा रुमाल, खांद्याला पिरोगीच्या लाटण्याची पिशवी. वॉकर ढकलत ओट्यावरून सावकाश चालली, ट्रकच्या दाराशी आली, आणि थांबली.

समोर स्टिअरिंग होतं.

ओरेस्टने तिच्याकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग पलीकडच्या उजव्या भिंतीकडे. तिकडचं दार आणि भिंत यांच्यात हात जाईल एवढीच फट होती. चाळीस वर्षं तो डावीकडून, इथे स्टिअरिंग असतं त्या बाजूने, चढला आणि ती उजवीकडून. हे इतकं अंगात मुरलं होतं की ट्रक मोजला, भिंत मोजली, दार मोजलं. ती बसते कुठून हे मोजायचं राहून गेलं. चढून-उतरून पाहिलं तेही त्याच्याच दाराने.

चेंडू काचेवर हलकेच आपटत होता.

"उलटा घेतो," ओरेस्ट म्हणाला. "शेपूट आत, म्हणजे तिचं दार ओट्याकडे."

"पेटी नाकाच्या मापाची आहे," मी म्हणालो. "शेपूट त्यात जाणार नाही."

"मग इकडून चढून पलीकडे सरकेल."

"मधे सामानाची पेटी आहे, बाबा," लारिसा म्हणाली. दोन सीटांच्या मधे हातमोजे आणि थर्मास ठेवायची बोल्ट ठोकलेली पेटी होती. "ती ओलांडायला आईला पाय उचलावा लागेल. तेच तर नको."

"मग पेटी काढतो. पाना कुठाय? लॉइड, पाना दे. नाहीतर उजवी भिंत..."

त्याचा आवाज चिरला. मी त्याला कधी रडताना पाहिलेलं नाही, आयरीनच्या अंत्यसंस्कारातही नाही. आता रडला असता तर मी तोंड फिरवलं असतं, एवढंच मला करता आलं असतं. लारिसा जवळ आली. तिचा आवाज मऊ होता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"राहू दे बाबा. तुम्ही केलंत तेवढं खूप केलंत."

"ओरेस्ट," नादिया म्हणाली. "आता काही कापू नकोस."

तिने वॉकर बाजूला सारला, कठडा धरला, पाठ ट्रककडे केली आणि सीटवर टेकली. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे दोन्ही पाय एकदम आत वळवले. कुठे वाकावं लागलं नाही. मग तिने हात पुढे केला.

"किल्ली."

"नादिया, हा केवढा ट्रक आहे..."

"सोळा वर्षांची असताना मी वडिलांचा गव्हाचा ट्रक कोठारावर आणायचे. वजनकाट्यावर कोण होतं तेव्हा? माझ्याकडे बघून आकडे चुकवायचं कोण?"

"आई, तुझा परवाना..." लारिसा म्हणाली.

"दर वेळी नवा करून घेतलाय. कोणी चालवायला दिली नाही म्हणून मी तो टाकून नाही दिला."

ओरेस्टचा हात कोटाच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. मला त्या क्षणी त्याची फार दया आली. टेबल दिलं, भिंत दिली, ते त्याने हसत दिलं. हे देताना मात्र त्याला वेळ लागला. पण तो दार लावायला निघालेला माणूस होता. त्याने किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"उतारावर ब्रेक दाबायचा नाही. नुसता..."

"ठाऊक आहे."

"आणि आरसे आत दुमडलेले आहेत, बाहेर आल्यावर..."

"ओरेस्ट. बाहेर जाऊन उभा राहा. मला मागचं दिसत नाही, तू सांग."

तो बाहेर गेला. मी मोठं दार वर ढकललं आणि थंडी आत शिरली. उताराच्या कडेला, काचेसारख्या बर्फावर पाय रोवून तो उभा राहिला आणि हात हलवत म्हणायला लागला, "ये... ये... अजून ये..." ट्रकने पेटीतून नाक काढलं, फळीला घासत सरळ मागे आला, गोगलगायीसारखा. कुठे आपटला नाही, कुठे घसरला नाही. रस्त्यावर आल्यावर नादियाने तो थांबवला.

लारिसा माझ्या शेजारी ओट्यावर उभी होती. तिच्या हातात आईचा वॉकर होता. तो तिने घडी केला, जपून उतार उतरली, ट्रकच्या हौदात ठेवला आणि आईच्या काचेवर टकटक केलं.

"संध्याकाळी किती पिरोगी आणशील?"

"तू राहणार असशील तर दोन डझन."

"राहते." आणि ती घरात गेली. जाताना मला म्हणाली, "लॉइडकाका, कॉफी टाकते. तुम्ही या."

मी गेलो नाही लगेच, ट्रकपाशी आलो. ओरेस्ट ट्रकला वळसा घालून उजव्या बाजूला गेला होता. ते दार त्याने आजवर फक्त दुसऱ्यासाठी उघडलं होतं. चढला, बसला, गुडघ्यावर हात ठेवले, उचलले, परत ठेवले. ट्रक हलेना.

"आता काय?" तो म्हणाला. काच थोडी खाली होती, मला ऐकू आलं.

"पट्टा," नादिया म्हणाली. "पट्टा लावल्याशिवाय हा ट्रक सुटत नाही. कोणाचा नियम आहे?"

सवयीने त्याचा हात डाव्या खांद्यावर गेला. तिथे पट्टा नव्हता. हात तसाच हवेत थोडा वेळ चाचपडला. नादिया समोर रस्त्याकडे बघत, दोन्ही हात चाकावर ठेवून, घाई न करता थांबली होती. मग तो उजवीकडे वळला आणि त्याला पट्टा सापडला.