दिवसाला एक चहा आणि चौदा स्क्रू

मित्रांनो, आज माझ्याकडे बघून तुम्हाला पटायचं नाही, पण एके काळी मी कंपनीचा सगळ्यात भारी मोबाइल होतो. पुढे काच, मागे काच, कडेला धातूची चकचकीत पट्टी. अंगावर एकही स्क्रू दिसू नये अशी माझी घडण होती आणि लोकांना त्याचंच कौतुक. मलाही होतं, खोटं कशाला बोलू?

मला घेतलं एका चष्मेवाल्याने. दुकान त्याचं आणि त्याच्या बायकोचं. तो काउंटरवर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा; ती मागच्या खोलीत फिरत्या दगडावर काचा धरून फ्रेमच्या मापाने घासायची. वीस वर्षं घासून तिचं उजवं मनगट सुजलं होतं आणि त्याला कायम एक निळा पट्टा गुंडाळलेला असायचा. काचा आपोआप घासणारं यंत्र घ्यायचं म्हणून दोघं पैसे बाजूला टाकत होती. त्यातले निम्मे माझ्यावर गेले.

"अगं, हा सात वर्षं टिकतो," चष्मेवाला म्हणाला. त्याने माझ्या खोक्याच्या झाकणाला आतून पेन्सिलीने भागाकार मांडला. "बघ, दिवसाला फक्त एक कप चहा पडतो. साधा फोन दोन वर्षांत भंगारात जातो."

"आणि हा बिघडला तर?"

"असल्या वस्तू बिघडत नसतात."

"अहो, असल्या वस्तू घेणारी माणसं बिघडलेली असतात," ती म्हणाली आणि आत जाऊन काच घासायला लागली.

काम मात्र मी चोख केलं. चष्मा लागलेल्या माणसाची एक गंमत असते. नवी फ्रेम चढवली की त्याला आरशातलं स्वतःचं तोंडच धड दिसत नाही, कारण तिच्यात नंबरच्या काचा नसतात. मग चष्मेवाला माझ्यावर फोटो काढायचा आणि गिऱ्हाईक जुना चष्मा चढवून तो बघायचं. एका निवृत्त मास्तरांनी अकरा फ्रेमा घालून फोटो काढून घेतले, सगळे मुलीला पाठवले आणि शेवटी सगळ्यात स्वस्त फ्रेम उचलली. "फोटो मात्र छान आले हो," म्हणाले. चष्मेवाल्याने मला शर्टाला पुसून खिशात ठेवलं. स्तुती झाली की तो नेहमी मला पुसायचा.

खर्च मात्र चोरपावलांनी येतात. आधी माझ्यासाठी कव्हर आलं, मग काचेवर काच आली, मग दर महिन्याचा विमा. दोन वर्षांत मी एकदाही पडलो नाही, तेव्हा विमा नुसताच बसून खात होता. तो संपला आणि पुढच्याच महिन्यात माझ्या बॅटरीने मान टाकली. जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा मी टिकेना. दिवसभर काउंटरवर वायर लावून पडून असायचो.

"सलाईन संपलं का हो पेशंटचं?" बायको आतून विचारायची.

चष्मेवाला मला कंपनीच्या दुकानात घेऊन गेला. गार हवा, पांढरं टेबल, हसरा माणूस. तो म्हणाला, "बॅटरी बदलता येईल, पण पाठ डिंकाने चिकटवलेली आहे. उघडताना काच तडकली तर तिचे वेगळे." दोन्हींची बेरीज माझ्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली. "त्यापेक्षा नवाच घ्या ना, साहेब."

साहेब तडक घरी आले. तीस वर्षं चष्मे दुरुस्त करणारा माणूस तो. रस्त्याने जाणाऱ्याचा ढिला स्क्रूसुद्धा फुकट आवळून द्यायचा. त्याने बाजारातून बॅटरी आणली आणि सुट्टीच्या दुपारी दुकान आतून बंद करून मला टेबलावर पालथं घातलं. फ्रेमच्या काड्या वाकवायला जो गरम हवेचा डबा असतो, त्यावर माझी पाठ शेकली. डिंक सुटला, काचेला साधा चरासुद्धा पडला नाही. खरंच, हात सोन्याचा होता त्याचा.

चूक पुढे झाली. माझ्यात चौदा स्क्रू निघाले. त्याने सवयीप्रमाणे सगळे एकाच वाटीत टाकले. चष्म्याच्या दोन्ही काड्यांचे स्क्रू सारखेच असतात. कुठलाही कुठेही लावा. माझे चौदा दिसायला सारखे, पण त्यातले तीन केसभर लांब होते. त्यातला एक लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला. शेवटी थोडा अडला, तेव्हा चष्मेवाल्याने सवयीने अर्धा आटा जास्त दिला. त्या अर्ध्या आट्यात मी गेलो.

दोन दिवस मी फ्रेमांच्या खणात पडून होतो. बायकोने विचारलं की "चार्जिंगला ठेवलाय" असं उत्तर मिळायचं. कंपनीच्या दुकानाने उघडलेल्या फोनला हात लावायला नकार दिला होता आणि इकडे यंत्राचे पैसे पुन्हा साठले होते, यंत्रवाला शुक्रवारी यंत्रं दाखवायला येणार होता. गुरुवारी चष्मेवाल्याने तोंड उघडलं.

"मी म्हणतो, यंत्र पुढच्या वर्षी घेऊ. फोटोंशिवाय धंदा कसा चालणार? नवा घेतला तर—"

बायकोने हातातली काच खाली ठेवली. "माझं मनगट कुठे बदलून मिळतं का, तेही विचारून या," म्हणाली.

 तिनेच मला उचललं आणि समोरच्या टपरीत नेलं. तिथे एक मुलगी मोबाइल दुरुस्त करते. हातातला चिमटा ती चहा पितानासुद्धा सोडत नाही, म्हणून सगळे तिला चिमटाताई म्हणतात. चष्मेवाला मागोमाग आला.

चिमटाताईने एका कागदावर माझी आकृती काढली, त्यावर चिकटपट्टी लावली आणि निघेल तो स्क्रू आपापल्या जागी चिकटवत गेली. मग भिंग लावून आत बघितलं.

"काका, चष्म्यात लांब स्क्रू घातला तर तो बाहेर डोकावतो. इथे तो आत भोसकतो."

"मला काय माहीत, प्रत्येकाचं माप वेगळं असतं ते!"

"माहीत नसणारच. माहीत होऊ नये म्हणून तर पाठ चिकटवतात." तुटलेल्या जागी तिने केसाएवढी तार जोडली. "फोटो काढेल. कानाला लावून बोलता नाही यायचं, मोठ्याने बोलावं लागेल."

"ते तर आमच्यात आधीपासूनच चालतं," बायको, म्हणजे चिमटाताईच्या काकू, म्हणाल्या.

घरी येऊन काकूंनी झाकणावरचा भागाकार पुन्हा मांडला. कव्हर, विमा, बॅटरी, तार सगळं धरलं. "दिवसाला दोन कप होतात," म्हणाल्या, "आणि तेही बिनसाखरेचे." पण यंत्राचे पैसे वाचले होते.

शुक्रवारी यंत्रवाल्याने गुळगुळीत, बटणं उजळणारं यंत्र पुढे केलं. काकूंनी ते चालवून बघितलंच नाही.

"उघडून दाखवा."

"काकू, हे उघडायची गरजच पडत नाही."

"हे वाक्य आमच्या घरी एकदा झालंय. दुसरं दाखवा."

दुसरं दिसायला ठोकळा होतं. चार बोल्ट काढले की झाकण सुटायचं आणि झिजलेला दगड सुटा विकत मिळायचा. पैसे देण्याआधी काकूंनी चष्मेवाल्याकडून ते पूर्ण खोलून घेतलं. या वेळी वाटी नव्हती. माझ्या खोक्याच्या झाकणावर, त्याच भागाकारावरून, त्याने यंत्राची आकृती काढली आणि एकेक बोल्ट जिथला तिथे चिकटवला. परत जुळवताना एकही आटा जास्त दिला नाही.

मित्रांनो, आज मला सहावं वर्ष आहे. अजून फोटो काढतो, कोपऱ्यात पडून ठोकळ्याची घरघर ऐकतो. तुम्ही माझ्या एखाद्या चकचकीत भावंडाला घ्यायला जाल, तेव्हा ते किती झळकतं ते बघाच. पण ते उघडतं कसं, उघडणारा कुठे बसतो आणि सुटा भाग केवढ्याला मिळतो, हेही विचारा. विचारायला लाजू नका. लाजेपोटी जो खर्च होतो, तो कुठल्याच झाकणावर लिहिलेला नसतो.

परवा माझी चार्जिंगची वायर मानेपाशी फाटली. चष्मेवाला नवी आणायला निघाला होता. काकूंनी त्याला थांबवलं, मनगटाचा निळा पट्टा सोडला आणि त्याची पट्टी कापून वायरीला घट्ट गुंडाळली. मनगटाला आता त्याची गरज उरली नाही.