राहिलेले आभार

आभार मानण्यात बाइंडरचा हात धरेल असा माणूस अख्ख्या क्लबात नव्हता. एकोणीस वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी सहाला सेवा क्लबाची सभा भरत होती आणि एकोणीस वर्षं तिच्या शेवटी हाच गृहस्थ उठत होता. दिवसभर पुस्तकं शिवून आणि खळ लावून बोटं कडक झालेली असायची, पण खिशातली चिठ्ठी उलगडली की असा काही सुटायचा की विचारू नका. पाहुण्या वक्त्याचे आभार, वक्त्याला घेऊन येणाऱ्याचे आभार, वक्त्याला संध्याकाळभर सोडल्याबद्दल त्याच्या घरच्यांचे आभार. एकदा तर वीज गेली नाही म्हणून त्यानं वीज कंपनीचे आभार मानले होते, आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. अहो, त्यातच सगळं होतं. फार पूर्वी एका सभेत आभारातून एक माणूस राहिला. तो तडक उठला, बाहेर पडला आणि त्यानं समोरच्याच इमारतीत दुसरा क्लब काढला. तो क्लब अजून आहे आणि त्याच्या खिडक्या मुद्दाम या बाजूला उघडतात. तेव्हापासून आपल्या क्लबानं नियमच करून टाकला: सगळ्यांचे आभार मानून झाल्याशिवाय कार्यक्रम संपला असं धरायचं नाही, आणि कार्यक्रम संपल्याशिवाय दिलेली वस्तू दिली असं धरायचं नाही. हा नियम हॉलच्या भिंतीवर काचेखाली लावला होता. त्याच्यामागचा पुठ्ठा बाइंडरनंच चिकटवला होता.

या बाइंडरला एक थोरली बहीण होती. तो तिला आक्का म्हणायचा म्हणून सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. लग्न दोघांचंही झालेलं नव्हतं, एकाच घरात एकमेकांवर खेकसत दोघं सुखानं राहत होती. आक्काचं कोपऱ्यावर रफूचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक खुर्ची, एक दिवा आणि एक खिडकी. पण कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की ते कुठं होतं हे कोटाचा मालकच विसरायचा. मग एके सकाळी ती घरातल्या घरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी हाड बसवलं, आणि वर सांगितलं की आता चालण्याचा नाद सोडा, चाकांची खुर्ची बघा.

आक्काचं म्हणणं एकच होतं. पाय गेले तर गेले, रफू काही पायानं करत नाहीत. मला दुकानात नेऊन बसवा. घरात पडून पडून ती वाळत चालली होती. ताटातलं निम्मं तसंच राहायचं. दिवसभर उशीचा अभ्रा उजेडात धरून त्यात कुठं विरलंय का ते शोधायची, आणि सापडलं नाही की तोंड फिरवून झोपायची. सुरुवातीला गिऱ्हाइकं बंद दाराच्या फटीतून कपडे आत सरकवून जात होती. मग तेही थांबलं. बाइंडरला हे सगळं दिसत होतं.

क्लबाकडे चाकांची एक कोरी खुर्ची होती. बाइंडरनं भीत भीत विषय काढला. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. ते ऐकून इतके खूश झाले की जागेवरून उठलेच. आपलाच माणूस, आपल्याच माणसाची बहीण, आपलीच खुर्ची. आणखी काय पाहिजे? कार्यक्रम ठरला. बाइंडरनं हळूच सुचवून पाहिलं की खुर्ची घरी नेऊन दिली तरी चालेल. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढे तोंड उघडलं नाही. ज्याला द्यायचं तो समोर हजर पाहिजे, हॉलमध्ये, सर्वांच्या साक्षीनं. घरी नेऊन दिली तर तो कार्यक्रम कसला?

हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. चौतीस पायऱ्या.

पहिल्या मंगळवारी चार सभासद बाइंडरच्या घरी आले, आक्काला एका साध्या लाकडी खुर्चीत बसवलं, एकेक पाय धरून खुर्ची उचलली आणि रस्त्यानं निघाले. वाटेत आक्काचं दुकान लागलं. ती म्हणाली, मला इथंच ठेवा. चौघांतला चष्मेवाला हसून म्हणाला की आक्का, आधी कार्यक्रम तर होऊ द्या. चौतीस पायऱ्या चढून वर नेलं. फीत कापली. डॉक्टर पाऊण तास बोलले, त्यातला अर्धा तास हिरड्यांवर. आक्काला चाकांच्या खुर्चीत बसवलं, फोटो काढला. मग बाइंडर उठला. आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

स्वतःच्या बहिणीला चाकांवर बसलेली बघून तो चिठ्ठी खिशातून काढायलाच विसरला. आयुष्यात पहिल्यांदा तो चिठ्ठी न बघता बोलला. सगळ्यांचे आभार मानले, आणि माइकवाला राहिला. माइकवाला त्याच्या पाठीमागेच वायर हातात धरून उभा होता. त्यानं माइक बंद केला, वायर गुंडाळली आणि जिना उतरला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या काचेकडे बोट दाखवलं. चौघांनी आक्काला चाकांच्या खुर्चीतून उचललं, परत लाकडी खुर्चीत ठेवलं आणि घरी आणून सोडलं. जाताना तिचं दुकान पुन्हा लागलंच.

दुसऱ्या दिवशी बाइंडर माइकवाल्याच्या घरी गेला. माइकवाला फुगून बसला होता. म्हणाला, घरात येऊन कानात मानलेले आभार मला नकोत. ज्या स्टेजवरून राहिलो त्याच स्टेजवरून पाहिजेत, आणि माइकवरून. माइक गावात एकच, तो याचाच. म्हणजे ज्याचे राहिलेले आभार मानायचे त्यालाच पुन्हा माइक घेऊन बोलवायचं, आणि त्या दुसऱ्या खेपेचे वेगळे आभार. हरकत नाही, बाइंडर म्हणाला. त्याचा हातखंडाच होता तो.

दुसरा मंगळवार. कार्यक्रम तोच चालू असल्यामुळे आक्का हजर हवी. चौघांनी तिला उचललं, दुकानावरून नेलं, चौतीस पायऱ्या चढवलं. बाइंडरनं या वेळी चिठ्ठीवरून डोळे हलवले नाहीत. माइकवाल्याचे दोनदा आभार, खुर्च्या पुसणाऱ्या बाईचे, पंखा लावणाऱ्याचे. सगळं यथासांग झालं. डॉक्टर आता कार्यक्रम संपला म्हणणार, तेवढ्यात चष्मेवाला कंबर धरून उभा राहिला.

"गेल्या मंगळवारी वर नेल्याचे आभार झाले," तो म्हणाला. "खाली नेल्याचं काय?"

बरोबरच होतं की त्याचं. आभार सभेच्या शेवटी. आक्काला खाली न्यायचं सभा संपल्यावर. म्हणजे खाली नेणं कायम आभारांच्या बाहेर. बाइंडरनं लगेच गेल्या खेपेच्या उतरण्याचे आभार मानून टाकले, पण आजचं उतरणं अजून व्हायचं होतं. कोणीतरी म्हणालं, मग आजचे आधीच मानून मोकळं व्हा. डॉक्टरांनी मान हलवली. न झालेल्या कामाचे आभार कसे मानणार? उद्या मधल्या पायरीवर पाडलं तर आभार परत घेणार का? हे सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर ते आक्कालाही क्षणभर पटलं, कारण ती त्याच पायऱ्यांवरून जाणार होती.

मग काय, सुरू झालं. दर मंगळवारी आक्काला वर न्यायचं, गेल्या मंगळवारच्या उतरण्याचे आभार मानायचे, आणि नव्यानं खाली आणायचं. चाकांची खुर्ची स्टेजवर फितीच्या उरलेल्या टोकासकट उभी. क्लबाची बाकीची कामं ठप्प. रक्तदान शिबिर पुढं ढकललं, झाडं लावायची होती ती रोपं कुंडीतच उंच झाली. समोरच्या क्लबातले लोक खिडकीत चहा घेऊन बसायला लागले. उपाय शोधायला एक समिती नेमली. समितीनं दोन बैठका घेऊन असं सुचवलं की समितीचेही आभार मानावेत.

बाइंडरनं या सगळ्यात मान खाली घालून काम केलं. चिठ्ठी आता चार पानी झाली होती. ती त्यानं शिवून तिला पुठ्ठा घातला. त्याला खरंच वाटत होतं की एक दिवस यादी पुरी होईल. नीट, कोणी न सुटता, आभार मानून झाले की आक्काला खुर्ची मिळेल. चूक माझी झाली, मीच निस्तरणार, हे त्यानं डोक्यात घेतलं होतं.

घरी आक्का विचारायची, "झाले का रे आभार?"

"थोडे राहिलेत," तो म्हणायचा.

सहाव्या मंगळवारी दुकानासमोरून जाताना आक्कानं हात लांब केला आणि दाराची कडी धरली. चौघं थांबले. खुर्ची तिरकी झाली. सोडा आक्का, असं करू नका, पडाल, सगळे म्हणायला लागले. आक्का नुसती कडी धरून बसली. शेवटी बाइंडर पुढं झाला आणि त्यानं तिचं एकेक बोट कडीवरून सोडवलं. बोटं सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली होती, आणि घट्ट होती. शेवटचं बोट सुटल्यावर तिनं हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी आभार मानताना तो दोनदा अडखळला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण चार पानं वाचायची होती, ती त्यानं वाचली.

नवव्या मंगळवारी साडेपाचला तिघंच आले. चष्मेवाला नव्हता. मागच्या सभेत बाइंडरनं "आमचे चारही बंधू" असे एकत्र आभार मानले होते. चष्मेवाल्याचं म्हणणं, माझी कंबर चौघांत मोडली नाही, माझी एकट्याची मोडली. माझे वेगळे पाहिजेत. तिघांनी खुर्ची उचलून बघितली. एक पाय मोकळा राहिला, आक्का त्या बाजूला कलंडली आणि तिघांनी घाबरून खुर्ची खाली ठेवली. मग ते तिघं चष्मेवाल्याची समजूत काढायला गेले. येतोच अर्ध्या तासात, म्हणाले.

घरात दोघंच राहिली. आक्का खुर्चीत बसलेली, मांडीवर सुयादोऱ्यांची पिशवी. ती पिशवी ती दर मंगळवारी बरोबर न्यायची, कशाला ते कोणी विचारलं नव्हतं. बाइंडर दारात उभा राहून रस्त्याकडे बघत चष्मेवाल्यासाठी वेगळं वाक्य जुळवत होता.

"इकडे ये," आक्का म्हणाली. "पाठ कर आणि खाली वाक."

"कशाला?"

"वाक म्हटलं ना."

साठीला आलेला माणूस, पण थोरल्या बहिणीनं वाक म्हटल्यावर वाकला. आक्कानं त्याच्या गळ्याभोवती हात टाकले आणि अंग त्याच्या पाठीवर सोडलं. तो दाराची चौकट धरून हळूहळू उभा राहिला. गुडघे कुरकुरले, दम लागला, पण उभा राहिला. पुस्तकांचे गठ्ठे उचलण्यात त्याचा जन्म गेला होता आणि त्यातला एखादा गठ्ठाही आक्कापेक्षा जड असायचा. हे त्याला आज कळलं.

तो रस्त्यानं चालायला लागला. लोक बघत होते. हॉलच्या खिडकीतून डॉक्टरांनी हाक मारली, मास्तरासारखं बोट नाचवून सांगितलं की चौघांशिवाय आणलंत तर ते कार्यक्रमात बसणार नाही. समोरच्या क्लबाच्या सगळ्या खिडक्या डोक्यांनी भरल्या होत्या. माइकवाल्यानं वरूनच माइक चालू करून ओरडून सांगितलं की बाइंडर, सहा वाजत आलेत, आभार राहिलेत. सबंध रस्त्याला ते ऐकू गेलं. बाइंडरनं वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर तोल गेला असता.

"थांब," आक्का त्याच्या कानाशी म्हणाली.

तिनं पाठीवरूनच हात लांब करून दुकानाच्या दाराची कडी काढली. आत कुबट वास होता आणि दाराशी चार-पाच कोट धूळ खात पडले होते. ते ओलांडून त्यानं तिला तिच्या खुर्चीत बसवलं आणि भिंतीला टेकून धापा टाकत राहिला. आक्कानं खिडकी ढकलून उघडली. एक कोट उचलून झटकला, उजेडात धरला, भोकात बोट घालून बघितलं. मग पिशवीतून सुई काढली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. चेहरा एकदम पूर्वीसारखा चिडका झाला. बाइंडरला ते बघून रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

आक्कानं दोन टाके घातले. मग सुई थांबवून भावाकडे बघितलं.

"घरापासून इथवर किती वेळ लागला रे?"

"पाच मिनिटं असतील," तो डोळे पुसत म्हणाला.

"मग दोन महिने काय करत होतास?"

बाइंडरनं खूप विचार केला. एकोणीस वर्षांत त्याला शब्द कधी कमी पडले नव्हते.

"आभार मानत होतो, आक्का," तो म्हणाला.