गाडी बंद आहे

मोरोपंत सगदेव वकिलांची मोटार अमरावतीत सगळ्यांच्या ओळखीची होती. ती रोज कुठे बंद पडणार यावर बाररूममध्ये चहाच्या पैजा लागत. कुणी म्हणे राजकमल चौकात, कुणी म्हणे थेट कोर्टाच्या फाटकात. सत्तेचाळीस साली एक इंग्रज इंजिनियर देश सोडून निघाला, त्याच्याकडून मोरोपंतांनी ती घेतली, तेव्हाच ती अकरा वर्षांची होती. पुढची अकरा वर्षं त्यांनी तिला जपली. सकाळी स्वतःच्या अंघोळीआधी तिला पुसत. सरोजिनीबाई म्हणत, "देवाला एवढं वेळेवर पाणी मिळालं असतं तर!" मित्र सांगत, भंगारात घाला. मोरोपंत हसून विषय बदलत. एकदा एका न्यायाधीशांनी तसं म्हटलं, तर त्यांचा चेहरा असा पडला, की न्यायाधीशांनीच माफी मागितली.

राजापेठेतली पोरं गाडीला 'वकिलाची बुढी' म्हणत. बुढीची नाडी देवमन मेस्त्रीला कळे. बडनेरा रोडवर त्याचं टिनाचं छप्पर होतं. छप्पन साली तो घरादारासह नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून कपाळाला आठी न घालता पण कुणापुढे मानही न वाकवता बोलायचा. आणि बुढी अडली की ढकलायला नत्थुजी होता. नत्थुजी मोरोपंतांचा मुन्शी. वकिली सुरू झाल्यापासूनचा. त्याचं घर वकिलांच्या बंगल्यामागे दोन गल्ल्या सोडून होतं. कागदांचा बस्ता काखेत मारायचा, टोपी सारखी करायची आणि गाडीला खांदा द्यायचा, हे त्याच्या कामातच धरलेलं होतं.

अठ्ठावनची दिवाळी मोरोपंतांना फार लागली. अनुपमाचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या मुलाशी जमत आलं होतं. सगळे मोटारीनं निघाले. मूर्तिजापूरपर्यंत बुढी गुमान चालली. बोरगावजवळ तिनं मान टाकली. नत्थुजीनं मैलभर ढकलून पाहिली, शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी जुंपली, आणि अकोल्याच्या भर रस्त्यातून, घुंगरं वाजवत, वकीलसाहेबांची मोटार डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. डॉक्टर पुढे आले आणि म्हणाले,

"या, वकीलसाहेब! आमच्याकडे पेट्रोलची जरा पंचाईत आहे, पण सरकी मुबलक मिळेल."

घरभर हशा पिकला. नवरा मुलगाही हसला. अनुपमा खाली बघत राहिली. मोरोपंतांनीही हसून घेतलं, पण तो काटा आत गेला तो गेलाच.

परत आल्यावर त्यांनी गाडी देवमनच्या हवाली केली. "देवमन, पुढल्या खेपेला ही अकोल्याला आपल्या पायांनी गेली पाहिजे." देवमननं तीन महिने घेतले. इंजिन उतरवलं, जुळवलं, पुन्हा उतरवलं. मोरोपंतांनी आतल्या गाद्याही नव्या शिवून घेतल्या. फिक्या बदामी रंगाचं रेक्झिन, काठाला गोट. शिवून आल्या त्या दिवशी त्यांनी हात स्वच्छ धुतला आणि मग गादीवरून फिरवला.

लग्नाची तारीख ठरवायला महाशिवरात्रीचा दिवस नक्की झाला. कोर्टाला सुट्टी होती. पहाटे देवमन बंगल्यावर आला, त्यानं हँडल मारलं आणि बुढी पहिल्याच फेऱ्यात उठली. आवाज असा सरळ की मोरोपंतांना वाटलं, दुसऱ्याच कुणाची गाडी आहे. देवमननं पाच मिनिटं ती चालू ठेवली, मग बंद केली. झाकण उघडून एक शेवटचा पेच आवळत तो म्हणाला, "आता मुंबईले न्या, साहेब. मागं वळून पायनार नाई हे."

तेवढ्यात फाटक वाजलं. नत्थुजी धावत आला होता. पायात जोडा नाही, डोक्यावर टोपी नाही. टोपीशिवाय त्याला मोरोपंतांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"साहेब, मैनीचं अवघड झालं. रातभर कळा देऊन राहिली. आता रक्त थांबून नाई राहिलं. सुईण म्हनते दवाखान्यात न्या. अड्ड्यावर एक टांगा नाई, सारे कोंडेश्वराच्या जत्रेले गेले. साहेब, गाडी..."

मैना त्याची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. लहानपणी याच अंगणात ती अनुपमाबरोबर सागरगोटे खेळायची.

मोरोपंतांनी नत्थुजीकडे पाहिलं. त्याच्या बाहीवर रक्ताचा डाग होता. आणि त्यांच्या डोळ्यांपुढे, मैनेच्या आधी, त्या बदामी गाद्या आल्या. मग घड्याळ आलं. मग अकोल्याचा तो हशा. हे सगळं एका श्वासात आलं आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"नत्थुजी, गाडी बंद आहे रे. बघ ना, देवमनला पहाटेच बोलावून आणलंय."

नत्थुजीनं देवमनकडे पाहिलं. देवमन हातात पाना घेऊन वाकलेला होता. तो सरळ झाला. त्याची आणि मोरोपंतांची नजर भेटली. मोरोपंतांनी आयुष्यात शेकडो साक्षीदार उलटतपासणीत घामाघूम केले होते. त्या क्षणी त्यांना कळलं, पिंजऱ्यात उभं राहणं म्हणजे काय.

"किती टाइम लागन, देवमनभाऊ?" नत्थुजीनं विचारलं.

देवमननं पाना खाली ठेवला, फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला, "गाडीची गोठ साहेबाले ठाव. माह्याकडे हातगाडी हाये, इंजिन वाहाची. चाल. आन तिच्यावर गादी टाकू."

नत्थुजी वळला. जाता जाता त्यानं मोरोपंतांकडे पाहून हात जोडले. "तुमी तरी काय करान, साहेब. बुढीचा काय भरोसा."

दोघं पळत गेले. हत्यारं तिथंच पडलेली. मोरोपंत उभे राहिले. अजूनही वेळ होती. फाटकातून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ते तसेच उभे राहिले, आणि हाक मारण्याइतकं अंतर हळूहळू संपून गेलं.

सरोजिनीबाई शालू नेसून बाहेर आल्या. "नत्थुजींचा आवाज आला ना?"

"हो. दोन दिवस रजा मागत होता."

पहिल्या खोट्यामागे निदान गाद्या, घड्याळ आणि अकोल्याचा हशा होता. दुसरं आपोआप आलं.

बुढी त्या दिवशी अशी चालली, की जन्मात चालली नव्हती. बडनेरा मागे पडलं. कोंडेश्वराकडे वळणारे टांगे, माणसं, बेलाच्या टोपल्या मागे पडल्या. कुठे धूर नाही, खोकला नाही, पाणी उकळणं नाही. मोरोपंत मनात म्हणत होते, आता बंद पड. बंद पडली असती तर त्यांचं बोलणं निदान अर्धं तरी खरं ठरलं असतं. माना गेलं, मूर्तिजापूर गेलं. बोरगाव आलं तेव्हा त्यांनी मुद्दाम वेग वाढवला, जुन्या गाडीला सोसणार नाही इतका. बुढी गेली भन्नाट.

अकोल्यात डॉक्टर दारात उभेच होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, गाद्यांवर हात ठेवला. "वा! वकीलसाहेब, आता मात्र आम्हाला आमचे शब्द गिळावे लागणार." मोरोपंतांना वाटलं होतं, हे ऐकून छाती फुगेल. पुढ्यात साबुदाण्याची उसळ आली ती त्यांनी तशीच बाजूला सारली. "उपास बाधतो मला," ते म्हणाले. तारीख ठरली, नारळ दिले-घेतले गेले. अनुपमा दिवाळीनंतर पहिल्यांदा मोकळी हसली. बाप तिच्याकडे बघू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले तेव्हा बातमी गल्लीभर झाली होती. मैना वाचली होती. बाळ गेलं होतं, मुलगा होता. अर्ध्या राजापेठेनं ती हातगाडी पाहिली होती. पुढे देवमन ओढतोय, मागून नत्थुजी ढकलतोय, बाजूनं नत्थुजीची बायको पार्वताबाई लेकीवर पदर धरून धावतेय. चढावर रस्त्यातले दोन अनोळखी लोकही हात लावायला आले होते.

सरोजिनीबाई तडक दवाखान्यात गेल्या. परतल्या त्या उशिरानं. खुर्चीवर बसल्या, पाणी घेतलं नाही.

"पार्वताबाई म्हणत होत्या, साहेबांची गाडी नेमकी बंद होती, नाहीतर त्यांनी उभ्या उभ्या नेलं असतं." त्या थांबल्या. "मी हो म्हटलं."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" मोरोपंतांनी विचारलं.

"म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित आधीच गेलं असेल पोटात."

मोरोपंतांच्या छातीवरचा दगड क्षणभर हलला. आधीच गेलं असेल! आणि त्याच क्षणी, एका मेलेल्या बाळाच्या बाबतीत आपण केवढ्या घाईनं सुटकेची फट शोधली, हे त्यांचं त्यांना दिसलं. सरोजिनीबाईंनाही दिसलं असावं. त्या उठून आत गेल्या. त्यानंतर त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची मोरोपंतांची हिंमत झाली नाही.

देवमननं हत्यारं न्यायला दुसऱ्याच कुणाला पाठवलं. मोरोपंत त्याच्या छपरात गेले तेव्हा तो एका ट्रकखाली निजून काम करत होता. बाहेर आला नाही. खालूनच म्हणाला, "गाडीत काई बिघाड नाई, साहेब. माह्यं काम झालं."

"देवमन, तू कुणाला बोलला नाहीस..."

"मी कावून बोलू? बोलाचं तुमाले हाये."

आठव्या दिवशी नत्थुजी कामावर आला. नेहमीसारखी टोपी, काखेत बस्ता. त्यानं कागद लावले, तारखा वाचून दाखवल्या. एका जमिनीच्या दाव्याची फाइल त्यानं पुढे सरकवली तेव्हा मोरोपंतांनी तिच्यावर हात ठेवला.

"नत्थुजी, त्या दिवशी गाडी बंद नव्हती."

नत्थुजीनं चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला.

"मले ठाव होतं, साहेब."

"देवमननं सांगितलं?"

"नाई. मीच आयकलं. सकायी मी टांगा अड्ड्यावरून वापस येत होतो, तवा बुढीचा आवाज आला. बारा वर्सं ढकलली तिले, तिचा आवाज मले नाई समजन? एकदम साफ आवाज होता. म्हनून तर धावत आलो. मनात म्हनलं, देवानं आजच तिले बरं केलं."

भिंतीवरच्या घड्याळाचा टोला पडला. मोरोपंतांनी फाइलवरचा हात उचलला. "मग तू... तू हात जोडलेस. बुढीचा भरोसा नाही म्हणालास."

"मंग काय म्हनू? देवमनसमोर तुमाले खोटं पाडू?" नत्थुजीनं चष्मा घातला. "तुमचं मीठ खाल्लं, साहेब. तेवढं त करावंच लागते."

मोरोपंतांना वाटलं, यानं शिवी द्यावी. बस्ता फेकून निघून जावं. पण तो फाइल उघडून म्हणाला, "पुढली तारीख एकवीसची." आणि तो रोज येत राहिला. वेळेवर. एक मात्र झालं, कोर्टात तो पायी जाऊ लागला. मोरोपंत गाडी काढायच्या आधी अर्धा तास तो निघालेला असे.

गाडी विकायचं त्यांनी अनेकदा ठरवलं. एक गिऱ्हाईक परतवाड्याहून आलंही. मोरोपंतांनी झाकण उघडून दाखवलं, चालवून दाखवली, आणि ऐनवेळी नाही म्हणाले. तिच्यावरची माया गेली नव्हती, हेच त्यांना सगळ्यात लाजिरवाणं वाटे. अजून ते तिला रोज पुसत होते. फक्त आता अंधारात, कुणी उठायच्या आत.

अनुपमाचं लग्न झालं. एकसष्ट साली मैना पुन्हा दिवसांत होती, पुन्हा माहेरी आली. ते कळल्यापासून मोरोपंतांनी गाडी दिवसरात्र तयार ठेवली. एका सकाळी पार्वताबाईंची लगबग त्यांना मागच्या गच्चीवरून दिसली. ते तसेच सदऱ्यावर गाडी घेऊन गल्लीत गेले. दारात टांगा उभा होता. नत्थुजीनं टांगेवाल्याला आदल्या संध्याकाळपासून अंगणात झोपवलं होतं.

"नत्थुजी, गाडी आणली आहे."

"कायले तरास, साहेब. टांगा हाये."

मैना आईच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आली. तिनं गाडी पाहिली. "बाबा, मोटारनंच जाऊ ना. टांग्यात लय हादरते."

नत्थुजी उंबऱ्याशी थांबला. त्याला मुलीला काही सांगता येईना. त्यानं मोरोपंतांकडे पाहिलं नाही. त्यानं टांगेवाल्याला हातानं थांब अशी खूण केली, आणि गाडीचं मागचं दार उघडलं. मैना आणि पार्वताबाई मागे बसल्या. तो पुढे, मोरोपंतांच्या शेजारी बसला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या जागी बसला होता.

बुढी सुरू झाली. मोरोपंत खड्डे चुकवत, हळू चालवत होते. कळ ओसरल्यावर मैना मागून म्हणाली, "काका, मागल्या टायमाले हे बंद पडली होती, नाई? बाबा सांगत होते."

मोरोपंतांनी तोंड उघडलं. अडीच वर्षं हे वाक्य त्यांच्यापाशी तयार होतं. ज्या माणसाला सांगायचं, ते माणूस हातभर अंतरावर होतं. नत्थुजीनं मान वळवली नाही. गाडीच्या आवाजाखाली, फक्त त्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"आता नाई, साहेब. तिले कळा हायेत. समोर पाहा."

मोरोपंतांनी समोर पाहिलं. सांगून टाकलं असतं तर त्यांचा भार उतरला असता, आणि तो त्या पोरीच्या अंगावर पडला असता, भरल्या कळांत. एवढं त्यांना आता कळत होतं.

"हो मैना," ते म्हणाले. "बंद होती."

"ऐनवेळीच बंद पडते तुमची," ती म्हणाली आणि पुन्हा कळ आली म्हणून तिनं आईचा हात धरला.

दवाखान्यात दोघींना आत नेलं. मोरोपंत व्हरांड्याच्या पायरीवर बसले. नत्थुजी तिथं उभा होता.

"तुमी जा, साहेब. कोर्टाचा टाइम होते. आज तीन तारखा हायेत."

"नत्थुजी, मी थांबतो."

"नोका थांबू," तो शांतपणे म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आता आमचं आमाले राहू द्या."

मोरोपंत उठले. सदऱ्यावरच आपण बाहेर पडलो आहोत हे त्यांच्या आता ध्यानात आलं. घरी जाऊन त्यांनी काळा कोट चढवला आणि ते कोर्टात गेले, पायी. तीन तारखा होत्या. त्यांनी कागद स्वतः लावले, स्वतः वाचले. दुपारी सरोजिनीबाईंनी चिठ्ठी पाठवली, मैनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. चिठ्ठी वाचून त्यांनी ती घडी केली. शेजारच्या वकिलानं विचारलं, "काय, पंत, चांगली बातमी?"

"हो," ते म्हणाले. "नत्थुजीकडची आहे."